फजलूर रहमान खान : पदवीनंतरचे मजले

गेल्या महिन्यात बहिणीकडं लातूरला गेलो होतो. भाची सिव्हिल इंजिनियर झाली, त्याचा आनंद घरात होताच. पण जेवणं झाल्यावर तिनं हळूच विषय काढला. गेटचा स्कोअर बरा आलाय, एम.टेक. करायचंय. स्ट्रक्चर घ्यावं की कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंट, एवढंच ठरायचं राहिलंय. दुल्हेभाई काही वाईट माणूस नाहीत. त्यांनीच कर्ज काढून तिला शिकवलं. पण त्यांच्या तोंडून पटकन निघालं, “और दो साल? किस वास्ते?” पुण्यातल्या एका साइटवर नोकरी मिळत होती, पगार सुरू होणार होता. हातची नोकरी सोडून पुन्हा वर्गात बसायचं, हे त्यांना पटत नव्हतं.

भाचीनं माझ्याकडं पाहिलं. “मामू, तुम बोलो.”

मी इतिहासाचा माणूस. बीम-कॉलममधलं मला फारसं कळत नाही. पण अम्मी कोपऱ्यात तसबीह घेऊन बसली होती आणि तिला पाहून एक गोष्ट आठवली. मी विचारलं, “अम्मी, हजला गेली होतीस तेव्हा जिद्दाच्या विमानतळावर काय पाहिलं?” तिनं क्षणाचाही विलंब न लावता सांगितलं, “तंबू. बड़े-बड़े सफेद तंबू. बाहेर इतनी धूप, और अंदर साया.” ती त्या तंबूंखाली काही तास बसली होती. तिला ते अजून लख्ख आठवतात. मी म्हणालो, “ते तंबू उभारणाऱ्यांपैकी एकानं पदवीनंतर आणखी तीन वर्षं शिक्षण घेतलं होतं. त्या तीन वर्षांत काय झालं, ते सांगतो.”

त्या रात्री जे सांगितलं, ते इथं जरा नीट लिहून काढतोय.

ढाका, शिबपूर आणि पुन्हा ढाका

फजलूर रहमान खान यांचा जन्म ३ एप्रिल १९२९ रोजी ढाक्यात झाला. वडील अब्दुर रहमान खान गणिताचे शिक्षक. पुढं ते बंगालच्या शिक्षण खात्यात वरच्या पदावर पोचले. म्हणजे घरात पुस्तकं होती, गणित होतं आणि शिक्षणाला वेळ द्यावा लागतो याची जाण होती. ही बाब मुद्दाम आधीच सांगतो, कारण पुढं तिचा संबंध येणार आहे.

मुलगा कलकत्त्याजवळच्या शिबपूरच्या बंगाल इंजिनियरिंग कॉलेजात शिकायला गेला. मधेच १९४७ आलं. घर एका देशात आणि कॉलेज दुसऱ्या देशात, अशी अवस्था झाली. तरी शिक्षण चालू राहिलं. पण १९५०च्या सुरुवातीला बंगालच्या दोन्ही बाजूंना दंगली उसळल्या. शिबपूर ज्या हावड्यात येतं, तो भागही त्यात होरपळला. शेवटच्या परीक्षेच्या तोंडावर खान यांना कॉलेज सोडून ढाक्याला परतावं लागलं. तिथल्या अहसानुल्ला इंजिनियरिंग कॉलेजातून त्यांनी पदवी पूर्ण केली आणि पहिले आले.

हे अहसानुल्ला कॉलेजही लक्षात ठेवण्यासारखं आहे. १८७६ साली ढाक्यात जमीन मोजणी शिकवणारी एक सर्व्हे स्कूल निघाली. ढाक्याच्या नवाब घराण्यानं देणगी दिली आणि १९०८ साली ती नवाब अहसानुल्लांच्या नावानं इंजिनियरिंग स्कूल झाली. १९४७ साली तिचं कॉलेज झालं आणि १९६२ साली विद्यापीठ. आज बांगलादेशातलं तंत्रशिक्षणाचं सर्वांत मोठं नाव असलेलं ढाक्याचं इंजिनियरिंग विद्यापीठ ते हेच. समाजातल्या पैसेवाल्यांनी एका छोट्या शाळेवर पैसा लावला आणि तीन पिढ्यांनी ती विद्यापीठ झाली. दंगलीतून परत आलेल्या एका विद्यार्थ्याला परीक्षेला बसायला जागा मिळाली, ती त्या शाळेमुळं.

पदवीनंतर खान काही काळ रस्तेबांधणी खात्यात नोकरीला होते. कॉलेजात शिकवतही होते. म्हणजे सरकारी नोकरी, स्वतःचं शहर, मान. आमच्या घरी चालला होता तो प्रश्न तेव्हाही विचारता आलाच असता, आणखी शिकायचं कशासाठी?

तीन वर्षं, तीन पदव्या

१९५२ साली त्यांना फुलब्राइट आणि पाकिस्तान सरकारची अशा दोन शिष्यवृत्त्या मिळाल्या आणि ते अमेरिकेच्या इलिनॉय विद्यापीठात दाखल झाले. अर्बाना-शॅम्पेन हे गाव शिकागोपासून दक्षिणेला, मक्याच्या शेतांमध्ये वसलेलं. तीन वर्षांत त्यांनी तिथं दोन मास्टर्स पदव्या घेतल्या. एक स्ट्रक्चरल इंजिनियरिंगची आणि दुसरी मेकॅनिक्सची. १९५५ साली पीएच.डी.ही झाली.

प्रबंधाचा विषय आयताकृती प्रीस्ट्रेस्ड काँक्रीट बीमचा होता. काँक्रीट दाब सोसतं, पण ताण आला की तडकतं. म्हणून त्यात पोलादी तारा ताणून बसवायच्या आणि वजन येण्याआधीच काँक्रीट आवळून ठेवायचं, ही ती पद्धत. बीम हा इमारतीचा सर्वांत साधा अवयव. ज्या माणसानं पुढं जगातली सर्वांत उंच इमारत उभी केली, त्यानं पीएच.डी.साठी शंभर मजली स्वप्नं घेतली नाहीत. एक साधा बीम घेतला आणि तो पुरता समजून घेतला.

१९५५ साली ते शिकागोच्या स्किडमोर, ओइंग्ज अँड मेरिल या आर्किटेक्ट कंपनीत लागले. मग १९५७ साली मायदेशी परतले आणि कराची विकास प्राधिकरणात कार्यकारी अभियंता झाले. हुद्दा मोठा होता. पण दिवस फायलींत जायचा, डिझाइनला हात लागत नव्हता. १९६० साली ते पुन्हा शिकागोला त्याच कंपनीत परतले. आपल्याकडं हुद्दा मिळाला की शिक्षण सार्थकी लागलं असं मानतात. खान यांना तसं वाटलं नाही.

बांबू आणि नळी

आता थोडं बांधकामाकडं येऊ. माझे अब्बा सेंट्रिंग मिस्त्री होते. ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारीच्या भूकंपानंतर जी पुनर्वसनाची गावं उभी राहिली, तिथं त्यांनी बरीच वर्षं काम केलं. दगड-मातीच्या जाड भिंती झोपेतल्या माणसांवर कोसळल्या होत्या. नव्या घरांत काँक्रीटचे पट्टे घाला, सळया अशा वळवा, असे हुकूम वरून यायचे. अब्बा ते चोख पाळायचे. मात्र सळई इथंच का वळवायची, हे त्यांना कुणी सांगितलं नाही, आणि विचारायची पद्धतही नव्हती. “इंजिनियर साब बोलते, हम करते,” असं ते म्हणायचे. साइटवर हात चालतात, ‘का’ला सवड नसते. हा कुणाचा दोष नाही, साइटचं गणितच तसं असतं. स्लॅब आज भरायचा असतो.

खान यांच्यासमोरचा ‘का’ असा होता. इमारत जितकी उंच, तितका तिच्यावर वाऱ्याचा जोर जास्त. जुन्या पद्धतीत कॉलम-बीमचा सांगाडा सगळ्या इमारतीभर पसरलेला असायचा. एका मर्यादेपलीकडं मजले वाढवले, की वजन पेलण्यापेक्षा वारा अडवण्यासाठीच जास्त लोखंड लागायचं. म्हणून उंच इमारत महाग पडायची. खान यांनी विचारलं, वारा बाहेरून येतो, तर त्याला अडवायची ताकद आतल्या कॉलमांत का ठेवायची? ती बाहेरच्या कडेला ठेवली तर? चारी बाजूंचे कॉलम जवळजवळ घ्यायचे, ते बीमांनी घट्ट जोडायचे आणि सगळी इमारत म्हणजे जमिनीत रोवलेली एक पोकळ नळी समजायची. बांबू आतून पोकळ असतो, तरी वादळात टिकतो, कारण त्याचं बळ सालीत असतं. हीच ट्यूब पद्धत. शिकागोतली ४३ मजली डेविट-चेस्टनट ही निवासी इमारत या विचारानं १९६०च्या दशकाच्या मध्याला उभी राहिली.

एका प्रबंधातून शंभर मजले

भाचीला मी सर्वांत जास्त रंगवून सांगितला तो भाग पुढचा. कंपनीतली नोकरी सांभाळून खान शिकागोच्या इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत पदव्युत्तर विद्यार्थ्यांना शिकवायचे. त्यांच्या जोडीला मायरन गोल्डस्मिथ हे आर्किटेक्ट होते. या गोल्डस्मिथनी त्याच संस्थेत १९५३ साली मास्टर्सचा प्रबंध लिहिला होता. आकार वाढला की रचना बदलावी लागते, मुंगीचे पाय मोठे करून हत्ती बनत नाही, हा त्याचा गाभा. त्यात उंच इमारतीच्या बाहेरच्या अंगाला तिरक्या पट्ट्या बांधायचा विचार आला होता. त्या वेळी तो कागदावरच राहिला.

दहा-अकरा वर्षं गेली. मिकिओ सासाकी हा जपानी विद्यार्थी गोल्डस्मिथ आणि खान यांच्या मार्गदर्शनाखाली मास्टर्स करत होता. १९६४च्या त्याच्या प्रबंधात उंच इमारतीच्या चारी अंगांना मोठमोठ्या फुल्या मारल्यासारख्या तिरक्या पट्ट्यांची रचना होती. कॉलम, बीम आणि पट्ट्या मिळून एक घट्ट नळी. हा एका विद्यार्थ्याचा परीक्षेसाठीचा अभ्यास होता. लगेच पुढं शिकागोत जॉन हॅन्कॉक सेंटरचं काम खान आणि आर्किटेक्ट ब्रूस ग्रॅहम यांच्याकडं आलं, आणि त्या शंभर मजली इमारतीच्या अंगावर त्याच फुल्या चढल्या. आजही त्या दुरून दिसतात.

याचा फायदा आकड्यांत पाहा. १९३१च्या एम्पायर स्टेट बिल्डिंगला चौरस मीटरमागे सुमारे २०६ किलो पोलाद लागलं होतं. जवळपास तितक्याच मजल्यांच्या हॅन्कॉकला सुमारे १४५ किलो पुरलं. प्रत्येक चौरस मीटरमागे साठ किलो वाचले, ते साध्या कागदावरच्या विचारानं. ठेकेदार कितीही हुशार असला तरी भाव पाडून एवढं लोखंड वाचवू शकत नाही.

एवढ्यावरही खान थांबले नाहीत. वाऱ्यात इमारत किती हलली तर आत राहणाऱ्याला ते जाणवेल, हे पुस्तकात कुठं लिहिलेलं नव्हतं. शिकागोच्या विज्ञान संग्रहालयात एक फिरता मंच होता. स्वतःसह काही माणसांना त्यावर उभं करून, बसवून त्यांनी अंदाज घेतला. इतका मोठा इंजिनियर, पण प्रश्न पडल्यावर तो स्वतः मंचावर जाऊन उभा राहिला.

जमिनीखालची पोकळी

मग भाचीनं विचारलं, “म्हणजे स्ट्रक्चरच घ्यायचं का?” तिला हॅन्कॉकचीच दुसरी बाजू सांगितली.

इमारतीचं वजन खडकापर्यंत नेण्यासाठी जमिनीत खोल गोल खड्डे घेऊन त्यात काँक्रीट भरलं होतं. १९६६ साली सांगाडा साधारण वीस मजले वर गेला असताना एक कॉलम किंचित खचल्याचं मोजणीत दिसलं. शोध घेतला तेव्हा खालच्या एका पायात काँक्रीट सलग भरलंच नव्हतं, मधे पोकळी आणि माती होती. काम थांबलं. सगळे पाये तपासावे लागले. काही महिने गेले, खर्च वाढला आणि ज्यानं हा प्रकल्प सुरू केला, त्या विकासकाच्या हातून तो गेला.

डिझाइन बरोबर होतं. हिशेब बरोबर होता. चूक झाली ती भरताना आणि तपासताना. एवढी मोठी बुद्धी वर काम करत असताना खाली एक पाया नीट भरला गेला नाही, म्हणून सगळं थांबलं. कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंट म्हणजे मजुरांची हजेरी आणि सिमेंटच्या पोत्यांचा हिशेब, असं आपल्याकडं अजूनही वाटतं. कोणतं काम कोणत्या कामाच्या आधी, तपासणी कधी, कुणाच्या सहीनं पुढं जायचं, आणि चूक सापडली तर ती दडपायची की काम थांबवायचं, हा तो विषय आहे. आपल्याकडचे गवंडी, मुकादम आणि ठेकेदार हे पिढ्यान्‌पिढ्या अनुभवानं करत आलेत. तो अनुभव विद्येत उतरवायचा असेल तर कुणाला तरी वर्गात बसून तो लिहावा, मोजावा लागेल.

पुढच्या इमारतीत ही दोन्ही अंगं एकत्र दिसतात. सीअर्स टॉवर, ११० मजले, ४४२ मीटर. नऊ चौकोनी नळ्या एकत्र बांधलेल्या. दोन ५०व्या मजल्यावर थांबतात, दोन ६६व्या, तीन ९०व्या आणि उरलेल्या दोन वरपर्यंत जातात. कॉलमला बीमचे तुकडे जोडलेले दोन-दोन मजली सांगाडे कारखान्यातच वेल्डिंग करून आणले आणि साइटवर बोल्टनं जोडले. उंचावरचं, वाऱ्यातलं अवघड वेल्डिंग कमी झालं, काम वेगानं वर गेलं. १९७३ साली ती जगातली सर्वांत उंच इमारत ठरली आणि पंचवीस वर्षं तो मान तिच्याकडं राहिला.

अम्मीचे तंबू

उंच इमारतींचा हा माणूस शेवटी जमिनीलगतच्या सावलीकडं वळला. जिद्दाच्या विमानतळावर वर्षातले थोडेच आठवडे लाखो हाजी उतरतात, थकलेले, वयस्क, सामान घेऊन तासन्‌तास बसलेले. एवढ्यासाठी वातानुकूलित महाल बांधणं हा पैशांचा चुराडा झाला असता. आर्किटेक्ट गॉर्डन बनशाफ्ट आणि खान यांनी उत्तर शोधलं तंबूचं. प्रत्येकी ४५ मीटर लांब-रुंद असे २१० तंबू, पोलादी खांबांना तारांनी टांगलेले. कापड काचतंतूंचं, टेफ्लॉनचा लेप दिलेलं. ते ऊन परतवतं, थोडा उजेड आत येऊ देतं आणि गरम हवा वरच्या मोकळ्या तोंडातून निघून जाते. १९८३ साली या टर्मिनलला वास्तुकलेचा आगा खान पुरस्कार मिळाला.

तो पाहायला खान नव्हते. २७ मार्च १९८२ रोजी, कामानिमित्त जिद्दात असतानाच हृदयविकारानं त्यांचं निधन झालं. त्रेपन्नावा वाढदिवस आठवड्यावर होता. दफन शिकागोत झालं. हे ऐकून अम्मीची तसबीह थांबली. तिनं हात उचलून त्या माणसासाठी दुआ केली. ज्याच्या सावलीत बसलो, त्याचं नाव तिला इतक्या वर्षांनी कळलं.

अभिमानाचे मेसेज आणि आमचा फॉर्म

इथं एक कबुली द्यायला हवी. खान यांच्यावरचे मेसेज आपल्या ग्रुपांवर फिरत असतात. सीअर्स टॉवरचा फोटो आणि खाली, बघा, हे एका मुसलमानानं बांधलं. २००९ साली बराक ओबामांनी कैरोच्या भाषणात अमेरिकी मुस्लिमांचं योगदान सांगताना सर्वांत उंच इमारतीचा उल्लेख केला, तोही फिरतो. मीही हे पुढं पाठवलंय. पण त्या मेसेजात शिबपूर नसतं, अर्बानाचं वाचनालय नसतं, सासाकीचा प्रबंध नसतो. आपण शेवटचा मजला पाहतो आणि पाया विसरतो.

शिवाय खान हा काही झोपडीतून आलेला चमत्कार नव्हता. शिक्षक बाप, देणगीवर उभं राहिलेलं कॉलेज आणि दोन शिष्यवृत्त्या, एवढं त्यांच्या पाठीशी होतं. बुद्धी त्यांची होती, पण वेळ त्यांना इतरांनी मिळवून दिला.

आपल्याकडं हा वेळ कोण देतं? २००६च्या सच्चर समितीच्या अहवालात एक आकडा आहे. नामांकित महाविद्यालयांत पदवीच्या २५ विद्यार्थ्यांमागे एक मुस्लिम असतो, पदव्युत्तर वर्गात ५० मागे एक. म्हणजे जे थोडे पदवीपर्यंत पोचतात, त्यांचं प्रमाणही पुढच्या पायरीवर निम्मं होतं. अल्पसंख्याक संशोधकांसाठी २००९ साली सुरू झालेली मौलाना आझाद फेलोशिप केंद्र सरकारनं डिसेंबर २०२२ मध्ये बंद करत असल्याचं जाहीर केलं. सरकारला जाब विचारलाच पाहिजे आणि विचारत राहू.

पण मी स्वतः आमच्या गावातल्या एका छोट्या शिक्षण मदत समितीत आहे. रमजानमध्ये जमलेल्या पैशांतून आम्ही मुलांच्या फी भरतो. तिचा अर्ज मीच तयार केला होता. त्यात ‘इयत्ता’च्या रकान्यात दहावी, बारावी, डिप्लोमा आणि पदवी, एवढेच पर्याय आहेत. पुढचा रकाना मी काढलाच नाही. कुणी अडवलं नव्हतं. मला सुचलंच नाही. इतकी वर्षं सरकारी आकड्यांवर लेख लिहिणाऱ्या माणसानं आपल्या हातानं तीच रेघ ओढली होती. दुल्हेभाईंनी विचारलेला प्रश्न माझ्या अर्जात आधीच छापलेला होता.

त्या रात्री दुल्हेभाई काही बोलले नाहीत. सकाळी निघताना त्यांनी एवढंच विचारलं, एम.टेक.ला महिन्याला काही मिळतं का? गेटवाल्यांना सरकारकडून १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं, असं भाचीनं सांगितलं. त्यांनी मान हलवली. आमच्यात त्याचा अर्थ ‘हो’ असाही होतो आणि ‘बघू’ असाही.

भाचीनं अर्जात पहिली पसंती कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंटला दिलीय. कारण विचारलं तर म्हणाली, “नानाअब्बांना जे कुणी सांगितलं नाही ना मामू, ते साइटवर सांगणारं कुणीतरी पाहिजे.”

समितीची बैठक येत्या रविवारी आहे. नवा अर्ज मी लिहून नेणार आहे.